वावरातील मृत्यूंचा तपास : प्रस्तावना

पूर्वीच्या वऱ्हाडातील आणि आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात, अरुणावतीच्या धरणाचे पाणी ज्या शिवारांना लाभले तेथे आणि ज्यांना ते कधीच लाभले नाही तेथेही, जुलैच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत कपाशीवर फवारणी चालते. या दिवसांत पाठीवर पंप बांधून पऱ्हाटीच्या तासांतून चालणारा मजूर जे काम करीत असतो, ते कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या किंवा कारखान्यातील बाष्पकाजवळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कामाइतकेच प्राणघातक ठरू शकते, हे 2017 सालच्या हंगामाने सिद्ध केले आहे. तरीही खाणीसाठी जसा निरीक्षक आहे, कारखान्यासाठी जशी हजेरीची व अपघाताची वही आहे, तसे या वावरासाठी काहीच नाही. प्रस्तुत पुस्तिका ज्या विषयाला वाहिलेली आहे, तो विषय म्हणजे काम करता करता ओढवलेल्या मृत्यूची, पुढचा तसा मृत्यू टळावा एवढ्याच हेतूने केलेली चौकशी होय. आणि तिचा विचार दिग्रससारख्या कापूसपिकाच्या तालुक्यापासून आरंभावा, असे मला वाटते, कारण चौकशीची गरज जेथे सर्वांत अधिक आणि व्यवस्था सर्वांत तोकडी, तेथेच तिचे खरे मोल कळते.

फवारणी करणारा मजूर दगावला म्हणजे कागद होत नाहीत असे नाही. पोलीस ठाण्यात मर्ग दाखल होतो, पंचांसमक्ष पंचनामा होतो, शवविच्छेदन होऊन व्हिसेरा प्रयोगशाळेकडे रवाना होतो, तलाठी आपला अहवाल देतो, आणि वारसांना अनुदान मिळण्यासारखे असेल तर तहसील कचेरीतून प्रस्ताव वर जातो. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील 174 व्या कलमात, ज्या मृत्यूंची अशी चौकशी व्हावी त्यांच्या यादीत यंत्रामुळे आणि अपघातामुळे झालेल्या मृत्यूंचा स्पष्ट उल्लेख होता, आणि तिच्या जागी आलेल्या 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तो शिरस्ता पुढे चालविला आहे. म्हणजे कायद्याला हा मृत्यू दिसत नव्हता असे म्हणता येणार नाही. परंतु प्रत्येक दप्तर आपापल्या कामापुरताच प्रश्न विचारते. या मृत्यूत घातपात आहे काय, हे पोलिसांना ठरवायचे असते. वारस मदतीस पात्र आहेत काय, हे महसूल खात्याला पाहायचे असते. कोणता उपचार द्यावा, एवढेच रुग्णालयाला त्या घटकेला सुचणे शक्य असते. या सर्व प्रश्नांची उत्तरे यथासांग मिळून प्रकरण निकाली निघाले, तरी एक प्रश्न कोणाच्याही टेबलावर आलेला नसतो : उद्या त्याच गावात, त्याच औषधाने, त्याच पंपाने काम करणारा दुसरा माणूस मरू नये म्हणून नेमके काय बदलावयास हवे?

2017 च्या जुलै ते ऑक्टोबर या अवधीत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि आठशेच्या आसपास लोकांना रुग्णालयाची वाट धरावी लागली. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील रुग्णालयात ऑगस्टपासूनच असे रुग्ण वाढू लागले होते. कोणाला अंधुक दिसत होते, कोणाला अनावर घाम व लाळ सुटत होती, कोणाला झटके येत होते. पण खाटांवरची ही वार्ता शासनाच्या वरिष्ठ पातळीपर्यंत पोचून तिला आपत्तीचे गांभीर्य प्राप्त झाले, तोवर सप्टेंबर सरून गेला होता. ऑक्टोबरात शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका उभी राहिली, आणि पाठोपाठ प्रोफेनोफॉस व सायपरमेथ्रिनचे मिश्रण, फिप्रोनिल व इमिडाक्लोप्रिडचे मिश्रण, असिफेट, डायफेन्थियुरॉन आणि मोनोक्रोटोफॉस या पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर पश्चिम विदर्भातील पाच जिल्ह्यांत साठ दिवसांची बंदी घालण्यात आली. ती बंदी आली तेव्हा फवारणीचा हंगाम जवळजवळ आटोपला होता. चौकशी उशिरा जागी झाली म्हणजे तिचे निर्णयही हंगामाच्या मागून चालतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची आवश्यकता नाही.

त्या वर्षीच्या मृत्यूंची कारणपरंपरा मात्र बारकाईने पाहण्यासारखी आहे; कारण तपास पथकाने, वैद्यांनी, वार्ताहरांनी आणि अभ्यासकांनी जे टिपून ठेवले ते एकत्र मांडले असता, एकही मृत्यू एकाच कारणाने घडलेला नाही, हे ध्यानात येते. त्या साली कपाशी नेहमीपेक्षा उंच आणि दाट वाढली होती. पुरुषभर उंचीच्या पऱ्हाटीच्या शेंड्यावर औषध पोचवायचे म्हणजे फवाऱ्याचे तोंड डोक्याच्या पातळीला किंवा त्याहून वर धरावे लागे, आणि उडालेले तुषार तोंडावर, मानेवर, छातीवर परत येत. बीटी कपाशीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीची धास्ती घराघरांत होती, रसशोषक किडींचा उपद्रव होताच, म्हणून फवारणीच्या पाळ्या वाढल्या होत्या आणि दोन-तीन औषधे, त्यांत पीकवाढीचे एखादे द्रव्य, एकाच टाकीत मिसळण्याचा परिपाठ पडला होता. हे मिश्रण कोणत्या प्रमाणात करावे, याचा सल्ला बहुधा कृषी केंद्राच्या गल्ल्यावरूनच मिळे. हातपंपाच्या जागी बॅटरीवर व पेट्रोलवर चालणारे पंप आले होते. त्यांचे तुषार अधिक बारीक असल्याने ते हवेत अधिक काळ तरंगत आणि श्वासावाटे अधिक खोल जात. मजुरी अनेक ठिकाणी टाकीवर ठरे. जितक्या टाक्या, तितके पैसे, या हिशेबाने काम करणाऱ्याला वारा फिरला म्हणून थांबणे परवडत नसे. दमट उकाड्यात अंगावरचा सदरा घामाने व औषधाने एकत्रच भिजे, आणि तो बदलायला वावरात दुसरा सदरा नसे, धुवायला साबण नसे, कधी कधी पुरेसे पाणीही नसे.

एवढे झाल्यावर मनुष्य आजारी पडला, तर पुढची साखळी रुग्णालयात सुरू होई. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, असिफेट ही सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय द्रव्ये शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराला निकामी करतात; त्यामुळे मज्जातंतूंकडून स्नायूंना व ग्रंथींना मिळणारा संदेश थांबेनासा होतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडू लागतात, आणि अखेर श्वासोच्छ्वासाचे स्नायू थकून थांबतात. यावर अ‍ॅट्रोपीन हा उतारा ठाऊक असलेला आणि स्वस्त आहे. पण डायफेन्थियुरॉनसारख्या द्रव्यावर विशिष्ट उतारा नाही. आणि टाकीत नेमके काय काय मिसळले होते, हे आणणाऱ्या नातेवाइकांना सांगता आले नाही, रिकामी बाटली वावराच्या धुऱ्यावरच राहिली, तर वैद्याला लक्षणांवरून अंदाजाने चालावे लागते. रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्याची चाचणी हा अंदाज पुष्कळ अंशी दूर करते. ही चाचणी जेथे हाताशी नसते, तेथे उपचार करणारा आणि मागाहून मृत्यूचे कारण शोधणारा, असे दोघेही एकाच अंधारात चाचपडत असतात. धुऱ्यावर राहिलेली ती बाटली म्हणजे उपचाराचा आणि तपासाचा एकच पुरावा. तो एकदा हरवला की दोन्ही कामे अपुरी राहतात.

आता अशा मृत्यूचा निष्कर्ष लिहिताना सर्वांत सोपे वाक्य हाताशी तयार असते : मयताने हातमोजे, मुखपट्टी व संरक्षक पोशाख वापरला नाही, सबब त्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवला. हे वाक्य बहुतेक वेळा खोटे नसते, आणि म्हणूनच ते अधिक घातक आहे. ते लिहिले की कृषी केंद्रवाला, औषध बनविणारी कंपनी, पंप बनविणारा, मजुरीचा दर ठरविणारा, तालुक्याचा कृषी विभाग आणि उताऱ्याविना चालणारा दवाखाना हे सारे एका फटक्यात चौकशीच्या कक्षेबाहेर जातात, आणि जो बोलू शकत नाही तोच एकटा जबाबदार उरतो. भाद्रपदातील दुपारी, पंधरा-सोळा लिटरांची टाकी पाठीवर घेऊन, चिखलातून, रबरी वा प्लास्टिकचा पोशाख घालून तासनतास चालणे मनुष्यदेहाला शक्य आहे काय, हा प्रश्न त्या वाक्याच्या लेखकाने स्वतःला विचारलेला नसतो. जगभरातील कामगारसुरक्षेच्या शास्त्राने पोशाखाला आणि मुखपट्टीला शेवटचे स्थान दिले आहे, ते याच अनुभवातून. प्रथम धोका समूळ काढून टाकावा, ते न साधल्यास त्याऐवजी सौम्य वस्तू घ्यावी, तेही न झाल्यास यंत्र सुधारावे, मग कामाची रीत व वेळ बदलावी, आणि हे सर्व करूनही जो धोका उरेल तेवढ्यापुरते अंगावर काही घालावे, हा तो क्रम आहे. आपल्याकडील चौकशा या क्रमाच्या तळापासून सुरू होतात आणि बहुधा तेथेच संपतात. माझा सारा आक्षेप या एका जागी आहे : जी चौकशी बदलता येण्यासारख्या वस्तूपर्यंत न पोचता माणसाच्या दोषापाशी थांबते, ती पूर्ण झाली असे मानू नये.

या म्हणण्याला आपल्याच देशातील एक भक्कम आधार आहे. हरितक्रांतीच्या काळात पंजाब, हरियाणा व उत्तर प्रदेशात विजेवर चालणारी मळणीयंत्रे झपाट्याने पसरली आणि गव्हाच्या पेंढ्या आत सारताना हात तुटण्याचे प्रसंग इतके वाढले की त्यांची दखल घेणे भाग पडले. तेव्हाही कारण तयार होते : मजूर थकलेला होता, झोपेत होता, नशेत होता. परंतु अभ्यासकांनी यंत्राकडे पाहिले, तेव्हा दिसले की पेंढी आत घालण्याचे तोंड आखूड व उघडे असल्यामुळे हात पात्यांपर्यंत पोचू शकत होता. तेच तोंड लांब व वरून झाकलेले केले, तर थकलेल्या माणसाचा हातही तेथवर पोचत नाही. 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला आणि त्याने यंत्र बनविणारा व विकणारा यांच्यावर उत्तरदायित्व टाकले. त्या कायद्याचा अंमल किती झाला, हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. पण विचाराची दिशा योग्य होती. मजुराला सावध राहण्याचा उपदेश शंभर वेळा करण्यापेक्षा यंत्राचे तोंड एकदा बदलणे अधिक प्राण वाचविते. फवाऱ्याच्या नळीची लांबी, तुषारांचा आकार आणि बाटलीवरील अक्षरांचा आकार यांविषयी हाच विचार का होऊ नये?

यवतमाळ जिल्ह्यातच या दोन दृष्टींतील अंतर नजरेस पडते. जिल्ह्याच्या पूर्वेस वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तेथे कामगाराचा मृत्यू झाला, तर 1952 च्या खाण अधिनियमान्वये व्यवस्थापकाला तत्काळ वर्दी द्यावी लागे आणि खाण-सुरक्षेच्या निरीक्षकाने पाहणी करीपर्यंत, किंवा तो न आल्यास बहात्तर तास लोटेपर्यंत, प्राण वाचविण्यासाठी अथवा प्रेत हलविण्यासाठी आवश्यक तेवढे सोडून, अपघाताची जागा कोणालाही हलविता येत नसे. 1975 च्या डिसेंबरात झारखंडमधील चासनाला येथे पाणी शिरून शेकडो कामगार बुडाले, तेव्हा त्याच अधिनियमाखाली चौकशी न्यायालय बसले. मोठमोठ्या दुर्घटनांतून खाणीच्या कायद्याने शिकत शिकत हे नियम अंगी बाणविले. दिग्रसच्या वावरात मात्र मृत्यूनंतर बहात्तर तासांत पंप नाल्यावर धुतला जातो, सदरा जाळला जातो, उरलेले औषध दुसऱ्याच्या टाकीत जाते, कृषी केंद्राची पावती सापडत नाही किंवा मुळात दिलेलीच नसते. खाणीतील मनुष्य आणि वावरातील मनुष्य एकाच जिल्ह्याचे, कित्येकदा एकाच कुळातले असतात. एकाच्या मृत्यूची जागा कायदा राखून ठेवतो, दुसऱ्याच्या मृत्यूची जागा सांजेपर्यंत नाहीशी होते.

शेतीला या बाबतीत कायदाच नाही, अशी समजूत मात्र करून घेऊ नये. 1958 च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व तत्कालीन मद्रास राज्यात कीटकनाशकाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मेली. माणसांच्या पोटात जाणारे धान्य आणि किडींसाठीचे विष यांची वाहतूक एकत्र झाल्याचा तो परिणाम होता. केंद्र शासनाने मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांचा चौकशी आयोग नेमला. त्या आयोगाच्या व त्यानंतरच्या विचारविनिमयाच्या अखेरीस 1968 साली कीटकनाशक अधिनियम आणि 1971 साली त्याचे नियम आले. म्हणजे आज कृषी केंद्रातील प्रत्येक बाटलीवर जो लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण दिसतो, त्याच्या मागे एका मृत्युचौकशीचा इतिहास आहे. त्याच नियमांत फवारणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक वस्त्रे, श्वसनाचे साधन, उतारे व प्रथमोपचाराची औषधे, कामगारांचे प्रशिक्षण यांच्या तरतुदी आहेत. आणि अधिनियमाच्या 26 व्या कलमाने राज्य शासनाला असा अधिकार दिला आहे की, कीटकनाशकाच्या वापरातून झालेल्या विषबाधेची प्रत्येक घटना ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याला कळविण्याचे बंधन, राजपत्रात अधिसूचना काढून, कोणत्याही व्यक्तीवर वा वर्गावर घालावे. 2017 च्या ऑगस्टात यवतमाळच्या रुग्णालयात आलेला पहिला, पाचवा, दहावा रुग्ण त्याच दिवशी जिल्ह्याच्या कृषी अधिकाऱ्याला कळला असता, तर सप्टेंबर निराळा गेला असता असे मी मानतो. या एका कलमाचा जिवंत वापर व्हावा, यासाठी मी कितीही वेळा लिहावयास तयार आहे.

परदेशांतील एका प्रयत्नाचा निर्देश येथे उपयोगी आहे. अमेरिकेत 1982 पासून व्यावसायिक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेने कामावरील मृत्यूंचा अभ्यास करण्याचा एक उपक्रम चालविला आहे. त्याचे तपासनीस घटनास्थळी जातात, सहकाऱ्यांशी व मालकाशी बोलतात, यंत्र पाहतात, आणि जो अहवाल प्रसिद्ध करतात त्यात मयताचे नाव नसते, मालकाचेही नसते. दंड करणे वा दोष ठरविणे हे त्यांचे काम नव्हे. असतो तो घटनेचा क्रम आणि त्यावरून निघणाऱ्या शिफारशी. नाव गाळल्याने माणसे बोलतात. आपल्याकडे चौकशी म्हटली की साक्षीदार प्रथम आपल्या बचावाचा विचार करतो. कृषी केंद्रवाल्याला परवाना जाण्याची भीती, शेतमालकाला गुन्हा दाखल होण्याची, आणि मयताच्या कुटुंबाला, हा मृत्यू आत्महत्या ठरून मदत बुडेल की काय, ही सर्वांत मोठी भीती असते. शिक्षा देणारी चौकशी आवश्यक आहे आणि ती आपल्या जागी चालावी; यवतमाळच्या काही कुटुंबांनी 2021 साली थेट स्वित्झर्लंडमधील बासेल येथे एका औषध-कंपनीविरुद्ध दावा लावला, तो त्यांचा हक्कच होय, मग कंपनी आपले दायित्व कितीही नाकारो. परंतु दोष ठरेपर्यंत शिकणे थांबवून ठेवता येत नाही. न्यायालयाचा फैसला वर्षांनी येतो, पुढची फवारणी दहा दिवसांनी असते. म्हणून या दोन चौकशांचे कागद, माणसे आणि हेतू वेगळे ठेवावेत, असे माझे आग्रहाचे मत आहे.

गावपातळीवर असा तपास करणाऱ्याने काय विचारावे, याची चर्चा पुढील पानांत सविस्तर येईल; येथे तिच्या वृत्तीविषयी थोडे सांगितले पाहिजे. मयताच्या घरी जाणाऱ्याने ओसरीवर बसून आधी ऐकावे. पत्नीला बहुधा सर्वांत अधिक ठाऊक असते : टाकीत औषध कोणी ओतले, काठीने ढवळले की हाताने, न्याहारी केली होती की उपाशीपोटी वावरात गेले, आदल्या दिवशी डोके दुखत होते काय, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा का गेले. या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात मजुरीचा दर, उसनवारी, सालदाराचा करार आणि शेजारच्या शेतातील अळीची वार्ता असे सारे अर्थशास्त्र उलगडते, आणि ते उलगडू देण्यासाठी विचारणाऱ्याच्या स्वरात आरोप नसावा लागतो. “काकू, ते का गेले?” आणि “त्यांनी काळजी का घेतली नाही?” या दोन प्रश्नांपैकी पहिल्यालाच उत्तर मिळते. त्यानंतर सोबत काम करणारे मजूर, मग पंप प्रत्यक्ष हाती घेऊन पाहणे, गळती, पट्टा, नळीचे तोंड. मग कृषी केंद्राचे विक्रीपुस्तक. मग दवाखान्यातील वेळांची नोंद, म्हणजे लक्षण दिसल्यापासून पहिले अ‍ॅट्रोपीन टोचेपर्यंत किती तास गेले. दिग्रसहून यवतमाळला रुग्ण नेताना वाटेत गेलेला वेळ हाही मृत्यूच्या कारणांपैकी एक असू शकतो, आणि तो कमी करता येण्यासारखा आहे.

2017 नंतर काहीच पालटले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोनोक्रोटोफॉसच्या 36 टक्के द्रवाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश केंद्र शासनाने 2023 साली काढला. 2013 मध्ये बिहारातील शाळेत मध्यान्ह भोजनातून तेवीस मुलांचा बळी घेणारे द्रव्य तेच होते, आणि भाजीपाल्यावर त्याचा वापर 2005 पासूनच निषिद्ध होता. एवढ्या पुराव्यानंतर हा निर्णय यायला इतकी वर्षे लागावीत, याची खंत मात्र लपवून ठेवण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 2022 साली सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळ हा कामगाराचा मूलभूत हक्क म्हणून मान्य केला. पण शेतीतील सुरक्षेविषयीच्या तिच्या 2001 च्या करारावर भारताची मान्यतेची मोहोर अद्याप उमटलेली नाही, आणि 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेचीही सर्वसाधारण मोजपट्टी दहा कामगारांच्या आस्थापनेची आहे. दिग्रसच्या वावरात फवारणीला दोन माणसे असतात.

म्हणूनच तालुक्याने वरून येणाऱ्या हुकमाची वाट न पाहता जे आपल्या आवाक्यात आहे ते करावे. तालुका कृषी अधिकारी, ग्रामीण रुग्णालयाचा वैद्यकीय अधिकारी, एक नायब तहसीलदार, आणि फवारणी स्वतः केलेला एक मजूर, एवढ्या चौघांनी प्रत्येक विषबाधेची, मृत्यूची तर निश्चितच, तीन दिवसांच्या आत जागेवर जाऊन चौकशी करावी. बाटली, पंप व सदरा पंचनाम्याने राखून ठेवावा. आणि नावे गाळून दोन पानांचा अहवाल लिहावा. जो मरता मरता वाचला त्याचीही हकीकत त्यात यावी, कारण तो स्वतः बोलू शकतो. असे अहवाल तालुक्याच्या कपाटात न ठेवता गावोगावच्या ग्रामसभेत, कृषी केंद्रांच्या मालकांना समोर बसवून, मोठ्याने वाचले जावेत; आणि हे वाचन जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पेरणीच्या घाईआधी उरकावे, कारण मृगाचा पाऊस लागला की सभेला कोणी येत नाही, आणि जुलैच्या अखेरीस पहिल्या टाकीत औषध पडलेले असते.